गाण्यांचं अनियतकालिक

कोलकात्यात १९७५ साली उभ्या राहिलेल्या 'मोहीनेर घोडागुली' या मंडळींना 'पहिला बंगाली रॉक बँड' असं बिरुद चिकटवून पुढे जाण्याची रीत पडली आहे. मला ते बिरुद तोकडं वाटतं. गिटार आणि ड्रम घेऊन इंग्रजी गाणी वाजवणारी तरुण पोरं कोलकात्यात त्याआधीही होती. मोहीनेरचे म्होरके गौतम चट्टोपाध्याय हे स्वतः तशाच एका चमूत वाजवून आलेले होते. वाद्यं नवी नव्हती, परदेशी चालींचं वेडही नवं नव्हतं. नवी होती ती गाणं घडवण्याची आणि लोकांपुढे ठेवण्याची पद्धत. त्या पद्धतीचं मूळ संगीताच्या धंद्यात शोधून सापडत नाही. मला ते बंगाली लिटल मॅगझिनमध्ये दिसतं. आपल्याकडे साठच्या दशकात लघुअनियतकालिकांनी प्रस्थापित मासिकांना वळसा घालून कविता छापली, तसंच काहीसं या मंडळींनी गाण्याच्या बाबतीत केलं. नावसुद्धा त्यांनी घेतलं ते जीवनानंद दासांच्या 'घोडा' या कवितेतून. मोहीनचे घोडे असा त्याचा साधा अर्थ. गाणाऱ्यांच्या चमूनं आपली ओळख एका अवघड, आधुनिक कवितेवरून सांगावी, इथेच अर्धी गोष्ट कळते.

बाकीची अर्धी कळण्यासाठी त्या काळचा बाजार पाहावा लागतो. मराठी वाचकाला जशी दिवाळी अंकाची ओढ, तशी बंगाली माणसाला दुर्गापूजेच्या गाण्यांची. ग्रामोफोन कंपनी दरवर्षी पूजेच्या तोंडावर नव्या ध्वनिमुद्रिका काढायची आणि घरोघर त्यांची वाट पाहिली जायची. सलील चौधरींसारखे शब्द आणि चाल दोन्ही स्वतःचं करणारे होते, पण ते विरळा. एरवी गीतकार एक, संगीतकार दुसरा, गायक तिसरा, आणि काय निघेल हे ठरवणारी कंपनी चौथी. या व्यवस्थेनं फार देखणी गाणी दिली, हेमंत मुखर्जींचा आवाज दिला, हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र त्या गाण्यांत शहराचा रोजचा कोलाहल, नक्षलवादाच्या वर्षांनंतरची मरगळ, बेकार तरुणाची चिडचिड यांना फारशी जागा नव्हती. गौतम स्वतः त्या चळवळीत होते, तुरुंगात जाऊन आले होते. गौतम, त्यांचे भाऊ, नात्यातले रंजन घोषाल आणि काही मित्र, अशा या जमावात लिहिणारे, चाल लावणारे, वाजवणारे आणि गाणारे घरचेच होते. १९७७, १९७८ आणि १९७९ मध्ये त्यांच्या तीन छोट्या ध्वनिमुद्रिका निघाल्या. पहिलीचं नाव 'संविग्न पाखीकुल ओ कोलकाता विषयक'. कवितासंग्रहाला शोभावं असं हे नाव पूजेच्या बाजारात कुणी ठेवलं नसतं.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. या मंडळींच्या संगीताला 'बाउल जॅझ' म्हटलं गेलं. पण एकतारा आणि दोतारा घेऊन गावोगाव फिरणारा बाउल कुठे आणि महाविद्यालयांतून शिकलेले हे शहरी तरुण कुठे? शिवाय बाउलांना शहरानं उचलून धरण्याची परंपरा जुनीच. रवींद्रनाथांनी १९१५च्या सुमारास 'प्रवासी' मासिकातून लालन फकिराची गाणी छापली होती. १९६७ साली बॉब डिलनच्या 'जॉन वेस्ली हार्डिंग' या अल्बमच्या मुखपृष्ठावर पूर्णदास आणि लक्ष्मणदास हे बाउल बंधू उभे होते. म्हणजे मोहीनेर येईपर्यंत बाउल हा सुशिक्षितांच्या कौतुकाचा विषय होऊन बसला होता. हे सगळं खरं आहे. पण मोहीनेरनं स्वतःला बाउल म्हणवून घेण्यासाठी भगवी वस्त्रं चढवली नाहीत, आणि आपण कोण आहोत हे लपवलंही नाही. त्यांचं 'हाय भालोबाशी' हे गाणं नीट ऐकावं. आवडत्या गोष्टींची यादी सुरू होते: चांदणं, काशाचं बन, मग पिकासो, बुन्युएल, दान्ते, बीटल्स, डिलन, बीथोवन, रविशंकर, अली अकबर. सुखवस्तू, वाचत्या शहरी तरुणाचं अख्खं घर त्या यादीत आहे. आणि मग गाणं वळतं. शेतात आणि बंदरांत घाम गाळणारी माणसं दिसली की यातलं काहीच गोड लागत नाही, असं तो तरुण सांगतो. आक्षेप घेणारे जे म्हणतात ते या गाण्यानं आधीच स्वतःबद्दल म्हणून ठेवलं आहे, आणि तेही घोषणा न देता. लोकसंगीताशी शहरी माणसाचं नातं याहून प्रामाणिकपणे मांडलेलं माझ्या ऐकण्यात फार थोडं आहे.

दुसरा आक्षेप यशाचा. तीन लहान तबकड्या, मोजके कार्यक्रम, आणि १९८१ साली सगळे पांगले. याला परंपरा कसली म्हणायची? विक्रीच्या हिशेबानं हे अपयशच. पण लिटल मॅगझिनचं मोल त्याच्या खपावरून कुणी ठरवत नाही. ते ज्यांच्या हाती पडलं त्यांनी पुढे काय केलं, हे पाहिलं जातं. १९९२ साली सुमन चट्टोपाध्यायांच्या, म्हणजे पुढच्या कबीर सुमन यांच्या 'तोमाके चाइ'नं बंगाली गाण्याची दारं उघडली. त्यानंतर १९९५च्या कोलकाता पुस्तक मेळ्यात 'आबार बोछोर कुडी पोरे' हा अल्बम आला. गाण्याची कॅसेट पुस्तकांच्या जत्रेत यावी, याला मी योगायोग मानत नाही. त्याहून बोलका आहे त्यावरचा श्रेयनामा: 'मोहीनेर घोडागुली संपादित'. गाणी नव्या-जुन्या अनेकांची, गळे वेगवेगळे, आणि मोहीनेर संपादकाच्या खुर्चीत. जुन्या चमूचं नाव वापरून इतरांचा माल खपवला, असंही यावर म्हणता येईल. पण तसं म्हणणाऱ्यांनी हेही पाहावं की त्याच मार्गानं १९९६ ते १९९८ या वर्षांत आणखी तीन अल्बम निघाले आणि ज्यांना कुणी विचारलं नसतं अशा तरुण गायकांची गाणी घराघरांत पोचली. १९९९ साली गौतम गेले. तोवर बंगाली तरुणांनी चारचौघांत मिळून स्वतःची गाणी लिहायची आणि गायची ही चाल रूढ झाली होती. चंद्रबिंदू, कॅक्टस, भूमी अशी नावं त्या दशकाअखेर बंगालभर पसरली, त्यामागे ही तयार झालेली जमीन होती.

त्या १९९५च्या अल्बममधल्या एका गाण्याची चाल आपल्याकडेही बहुतेकांच्या कानावरून गेलेली आहे. 'गँगस्टर' या २००६च्या हिंदी चित्रपटात प्रीतम यांच्या संगीतात, बांगलादेशच्या जेम्सच्या आवाजात 'भीगी भीगी' म्हणून ती वाजली. तिथे ती विरहाची चाल झाली, आणि विरह म्हणून ती सुरेखच लागते. मूळ 'पृथिबीटा नाकि' मात्र वेगळ्याच दुःखाचं आहे. उपग्रह आणि केबलमुळे जग लहान होत होत दिवाणखान्यातल्या टीव्हीच्या खोक्यात येऊन बसलं, आणि त्याच खोलीतली माणसं एकमेकांपासून दूर गेली, असं ते म्हणतं. केबलचे जोड घराघरांत नुकतेच येत होते तेव्हा हे लिहिलं गेलं. चाल सीमा ओलांडून गेली, शब्द बंगालीतच राहिले. हिंदी गाणं ज्यांना आवडतं त्यांनी हे मूळ गाणं मिळवून, शब्द समजून घेऊन, एकदा ऐकावं.