कोयता कुणाच्या मापाचा?

१/ ‘कोयता’ म्हटले की आज वृत्तपत्रांतील गुन्हेवार्ता आठवतात. परंतु या अवजाराचे मूळ जग शेत, वाडी आणि रान यांचे आहे. त्या जगात पहिला प्रश्न असे तो हा, की धरणाऱ्याच्या हाताला तो मानवतो का? आजच्या धाग्यात या साध्या प्रश्नाचा इतिहास पाहू. तो आपल्याला लोहाराच्या भट्टीपासून उसाच्या फडापर्यंत नेतो.

२/ आधी थोडे शास्त्र. घावाची शक्ती पात्याच्या वजनाच्या प्रमाणात वाढते, पण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून जड कोयता नेहमीच चांगला, हा समज फसवा आहे. जे पाते मनगटाला वेगाने फिरवता येत नाही, त्याचे वजन घावाच्या कामी येत नाही. ते केवळ खांद्याला थकवते. सडपातळ बांध्याच्या माणसाचा हलका, चपळ कोयता पुष्कळदा अधिक काम उरकतो.

३/ दुसरी कसोटी कामाची. वाळलेले लाकूड फोडायचे तर पाठीकडे जाड, पाचरीसारखे पाते हवे; ते तंतू बाजूला सारत आत शिरते. ऊस रसाळ असतो. त्याला पातळ आणि रुंद पाते पुरते. जाड पाते तिथे कांडे चिरडते. तिसरी कसोटी मुठीची: फार बारीक मूठ घावागणिक हातात फिरते, फार जाड मूठ आवळून धरताना बाहूचे स्नायू लवकर शिणतात.

४/ कोकणात या निवडीला आणखी एक अट आहे. तेथील शेतकरी कमरेला मागच्या बाजूस आकडी बांधतो आणि तिच्यात कोयती अडकवतो. दोन्ही हात मोकळे ठेवून माडावर चढायचे, शेंड्याशी पोहोचल्यावर एका हाताने झाड धरून दुसऱ्याने घाव घालायचा. अशा कामात लांब, जड पाते गैरसोयीचे ठरते. अवजाराचे माप इथे झाडावरच्या तोलाने ठरवले आहे.

५/ हे माप प्रत्यक्षात उतरवणारा माणूस म्हणजे गावचा लोहार. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात बलुतेदारीची जी व्यवस्था दिसते, तिच्यात लोहाराला कामाचा मोबदला सुगीत धान्याच्या रूपाने मिळे. पाते वापरणारा त्याच्या ओळखीचा असे. बोथटलेले अवजार पुन्हा त्याच्याच भट्टीत येई. मात्र या जवळिकीला सुखचित्र समजू नये. तिच्या पाठीशी जातीची उतरंड होती.

६/ हीच गोष्ट नेपाळच्या कुकरीत दिसते. पुढे झुकलेल्या पात्यामुळे तिचे वजन टोकाकडे सरकते आणि लहान पात्यालाही घावाचा जोर येतो. तिचे दोन प्रसिद्ध प्रकार आहेत: गवताच्या पात्यावरून नाव पडलेली निमुळती ‘सिरुपाते’ आणि रुंद, वजनदार ‘भोजपुरे’. कामी समाजातील कारागीर ती घडवत आले. तीही मुळात घरातले, शेतातले रोजचे अवजार. रणांगणावरची कीर्ती नंतरची.

७/ बदल घडला तो कारखान्याने आणि लष्कराने. पहिल्या महायुद्धाच्या काळात गुरखा पलटणींसाठी ठराविक नमुन्याच्या कुकऱ्या मोठ्या संख्येने बनू लागल्या. अमेरिकेतील कनेटिकट राज्यात १८२६ मध्ये कुऱ्हाडींसाठी सुरू झालेली कॉलिन्स कंपनी पुढे लॅटिन अमेरिकेला मशेटी पुरवू लागली. प्रांतोप्रांतीच्या पसंतीनुसार तिने अनेक नमुने काढले. प्रांताची आवड जपली गेली. एकेका हाताचे माप मात्र विचारणारे कुणी उरले नाही.

८/ आता महाराष्ट्राकडे येऊ. १९३२ च्या साखर संरक्षण कायद्यानंतर देशात साखर कारखाने झपाट्याने वाढले. १९५० साली प्रवरानगर येथे विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी कारखाना उभा राहिला. पुढील दशकांत असे कारखाने वाढत गेले. बीड आणि आसपासच्या कोरडवाहू भागांतून दिवाळीनंतर हजारो कुटुंबे ऊसतोडीला निघू लागली. १९७२ च्या दुष्काळाने ही वाट अधिकच रुळली.

९/ ऊस जमिनीलगत तोडावा लागतो, कारण बुडख्याच्या कांड्यांत साखर अधिक असते आणि खोडवाही चांगला फुटतो. म्हणजे प्रत्येक घाव वाकून. मग पाचट काढणे, वाढे छाटणे, मोळी बांधणे आणि ती डोक्यावरून वाहनापर्यंत नेणे. मजुरी टनावर. इथे कोयत्याचे वजन आणि धार यांचा संबंध थेट पाठीशी आणि दिवसाच्या कमाईशी आहे.

१०/ आणि इथेच भाषेने एक विलक्षण वळण घेतले. मुकादम उचल देतो ती ‘एका कोयत्या’ला. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी! एकटा मजूर असेल तर तो ‘अर्धा कोयता’. जे अवजार माणसाच्या मापाने घडत होते, त्याच्याच नावाने आता माणसे मोजली जाऊ लागली. त्या हिशेबात स्त्रीला स्वतंत्र नाव नाही. तिचे कष्ट जोडीच्या आकड्यात मिसळून जातात.

११/ याची किंमत शरीराने मोजली. काम चुकले की ‘खाडा’ पडतो आणि पैसे कापले जातात. मासिक पाळी, गर्भारपण, आजार यांना सवलत नाही. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यात सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशये काढलेली आढळली. हाताला मानवणारा कोयता निवडता येईल. पण ज्या कामाची लयच शरीराला मानवत नाही, तिथे केवळ अवजार बदलून काय होणार?

१२/ संग्रहालयांत तलवारींना दालने मिळतात, कोयत्याला क्वचितच. पुढच्या वेळी गावी जुना कोयता दिसला, तर त्याची मूठ पाहा. ती उजव्या हाताने झिजली आहे की डाव्या? लहान तळव्याने की मोठ्या? लिखित साधनांत ज्याचे नाव नाही, अशा माणसाची ती नोंद आहे. तुमच्या भागात कोयत्याचे कोणते प्रकार आहेत, त्यांना काय म्हणतात, ते खाली अवश्य लिहा. ही नावेही इतिहासाची साधनेच आहेत.