भट्टी न पाहिलेली माती

मंडळी, कसारा लोकलने आज इथवर आलेल्यांपैकी कुणी आसनगाव सोडल्यावर खिडकीबाहेर पाहिलं असेल, तर सिमेंटच्या घरांमागे एखादं कुडाचं घर दिसलं असेल. कारवीच्या काठ्यांची भिंत आणि तिच्यावर माती-शेणाचा लेप. मला आज बोलायचंय ते त्या लेपाबद्दल. कारण हल्ली शहरात 'एअर ड्राय क्ले' नावाची माती पाकिटात मिळते, मुली तिच्या पणत्या, फुलं, भिंतीवरच्या तबकड्या करतात, आणि पाकिटावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं की भट्टीची गरज नाही. शहापूर-मुरबाडच्या कुठल्याही आजीला हे वाचून दाखवा, ती म्हणेल, मग त्यात नवीन काय?

आधी मातीचा स्वभाव बघू. ओल्या मातीतलं पाणी उडालं की माती आकसते. वरचा थर आधी वाळतो, आतला मागे राहतो, आणि या ओढाताणीत तडा जातो. तडा टाळायचा तर मातीत धागा हवा. आपल्याकडे तो शेणातून येतो. गाईच्या पोटात न पचलेले गवताचे बारीक तंतू मातीला आतून धरून ठेवतात. चुलीच्या मातीत काही जण भाताचा तूस मिसळतात, त्याचं कामही तेच. पाकिटातल्या मातीत कागदाचा लगदा असतो आणि जोडीला गोंदासारखा चिकट पदार्थ. म्हणजे युक्ती एकच. शेणाला वास आहे आणि पाकिटाला किंमत आहे, एवढाच काय तो फरक!

आता इतिहासाकडे वळू. माती साधारण 600 अंशांच्या पुढे भाजली की तिची जात बदलते, पुन्हा पाण्यात विरघळत नाही. म्हणून उत्खननात सापडतात ती खापरं. न भाजलेली वस्तू पावसात परत माती होते. पुण्याजवळ शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. 1968 पासून डेक्कन कॉलेजने तिथे अनेक वर्षं उत्खनन केलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही नावं तुम्हाला ठाऊक असतील. तिथल्या एका घराच्या जमिनीखाली 3000 वर्षांहून जुनी मातीची झाकणाची पेटी मिळाली. तिच्याबरोबर स्त्रीमूर्ती, त्यातली एक बिनशिराची, आणि एक बैल. हे सगळं कच्च्या मातीचं, न भाजलेलं. जमिनीत पुरलं होतं म्हणून राहिलं. उघड्यावर असतं तर पहिल्याच पावसाळ्यात गेलं असतं. अशा किती वस्तू गेल्या असतील याची मोजदाद होणार नाही, पण कच्ची माती 'हलकी' म्हणून देवाच्या कामाला चालत नसे, असं मात्र कुणी म्हणू नये.

कागदोपत्रीही हेच झालं. कुंभाराला चाक होतं, आवा होता, गावात बलुतं होतं. त्यामुळे तो नोंदीत आला. 1882 च्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये जातीवार आणि धंदेवार माहिती आहे. पण चूल घालणारी, कणगी लिंपणारी, दर सणाला भिंत सारवून तिच्यावर गेरू फिरवणारी बाई कुठल्या धंद्यात बसणार? तिला बलुतं नव्हतं. ते 'घरकाम' होतं, बरं का.

वारल्यांचं चित्र याच भिंतीवरचं. सारवलेली भिंत, वर गेरूचा हात, त्यावर बांबूची काडी ठेचून केलेल्या कुंचल्याने तांदळाच्या पिठाच्या रेघा. लग्नाचा चौक काढायचा मान सवाशिणींचा. लग्न झालं, पाऊस आला, भिंत पुन्हा सारवली, चित्र गेलं. पुन्हा लग्न, पुन्हा चित्र. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी डहाणू भागात गेले आणि हे चित्र कागदावर आलं. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे जगभर पोचले, 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. म्हसे फार मोठे चित्रकार, त्यात वाद नाही. पण चित्र मातीवरून कागदावर गेलं, टिकायला लागलं, विकायला लागलं, आणि त्याच टप्प्यावर खाली नाव आलं. पुढे आलेल्या नावांत पुरुष जास्त. मातीवर काढणाऱ्या सवाशिणींची नावं आपल्याकडे नाहीत. मला हा योगायोग वाटत नाही.

इथे कुणी हळहळेल की आता घरकुलात सिमेंटच्या भिंती आल्या, सारवण संपलं. मी त्या हळहळीत नाही. वाकून शेणात हात घालून, दूरवरून पाणी आणून घर सारवायचं हे कष्टाचं काम होतं. भातसा-तानसाचं पाणी मुंबईला जातं आणि धरणांच्या याच तालुक्यात उन्हाळ्यात बायका हंडे घेऊन चालतात. त्यांना पक्की भिंत हवी असेल तर ती मिळालीच पाहिजे. फक्त एवढं खरं की कच्ची माती पुन्हा पुन्हा केल्यानेच टिकते. एक पिढी थांबली की हाताचा अंदाज जातो, शेण किती, माती किती, हे कुठे लिहून ठेवलेलं नसतं.

म्हणून ज्यांना करून बघायचंय त्यांच्यासाठी सांगतो. ओढ्याकाठची चिकट माती घ्या, वाळवून, कुटून चाळा, रात्रभर भिजवा. शेण नको असेल तर जुन्या वर्तमानपत्राचा लगदा पिळून घाला, साधारण मातीच्या चौथ्या हिश्शाइतका, आणि थोडा डिंक. हाताला चिकटायची थांबली की माती झाली. बोटाच्या पेरापेक्षा पातळ तबकडी थापा, टांगण्यासाठी भोक ओली असतानाच पाडा. सावलीत ठेवा, रोज उलटा. उन्हात घाई केलीत तर चिरणार. पूर्ण वाळली की गेरू, आणि गेरू वाळला की तांदळाचं पीठ. पावसाळ्यात ती बाहेरच्या भिंतीवर लावू नका. आणि मागच्या बाजूला करणारीने आपलं नाव लिहावं.