पोटातलं शेत


जमिनीतल्या जिवाणूंना शेणखत घालायचं आपल्याला कळतं. पोटातल्यांना काय घालतो?

१९०८ साली नोबेल मिळालेले मेचनिकॉफ म्हणायचे, आंबवलेल्या दुधातले जिवाणू म्हातारपण लांबवतात. लोक दह्यामागे लागले. पोटात आधीच असलेले जिवाणू काय खातात, हे मागे राहिलं.

२०१० मध्ये इटलीच्या शास्त्रज्ञांनी आफ्रिकेतल्या बुर्किना फासोच्या एका खेड्यातली अन् फ्लॉरेन्स शहरातली १ ते ६ वर्षांची मुलं तपासली. अंगावर पिणाऱ्या बाळांचे जिवाणू दोन्हीकडं बरेचसे सारखे. ताटातलं जेवण सुरू झालं अन् वाटा फुटल्या. खेड्यातली पोरं ज्वारी, बाजरी, चवळी खाणारी; त्यांच्या पोटात चोथा पचवणारे प्रेवोटेला जिवाणू भरपूर. पोटातले जिवाणू चोथ्यापासून आम्लं बनवतात. त्यातलं ब्युटिरेट म्हणजे आतड्याच्या अस्तराचं अन्न.

२०१२ मध्ये आयर्लंडात दिसलं, की वृद्धाश्रमात जेवण एकसुरी झालेल्या म्हाताऱ्यांच्या पोटात जिवाणूंचे प्रकारही कमी.

आमच्या घरात पोरगं बिस्किटावर, वडील मऊ भातावर. अन् ज्वारी? परवडत नाही म्हणून मीच दहा वर्षं बंद केलेली. यंदा एक एकर मालदांडी पेरली. बाजारासाठी नाही, घरासाठी.

तुमच्याकडं खाण्यापुरती कोण पेरतं?