मासिक पाळीच्या वेदनांवर ॲक्युप्रेशरचा दिलासा

मासिक पाळी ही स्त्रीच्या शरीरातील नैसर्गिक क्रिया. मात्र तिच्यासोबत येणाऱ्या वेदना निमूटपणे सोसणे हा निसर्गनियम नव्हे. 'बाईच्या जातीला हे चुकलेले नाही' असे सांगून घरातल्या वडीलधाऱ्या स्त्रियाच अनेकदा मुलीच्या तक्रारीवर पडदा टाकतात. मग दर महिन्याला शाळा-महाविद्यालय बुडते, कामावर रजा पडते किंवा ओटीपोट आवळून दिवस रेटला जातो. गरम पाण्याची पिशवी आणि ओवा हे उपाय आपल्याकडे परंपरेने चालत आले आहेतच. त्यांच्या जोडीला ॲक्युप्रेशर ही बिनखर्चाची आणि स्वतःच्या हाताने करता येण्याजोगी पद्धत उपयोगी पडू शकते. मात्र तिच्या मर्यादा समजून घेऊनच तिचा अवलंब करावा.

वेदना कशामुळे होतात?

पाळीच्या वेळी गर्भाशयाच्या आतील अस्तर सुटू लागते. त्या वेळी अस्तरात 'प्रोस्टाग्लँडिन' नावाची द्रव्ये तयार होतात. त्यांच्यामुळे गर्भाशयाचे स्नायू आकुंचन पावतात आणि अस्तर बाहेर टाकले जाते. ही द्रव्ये अधिक प्रमाणात निर्माण झाली, तर आकुंचन तीव्र होते, स्नायूंचा रक्तपुरवठा काही काळ कमी पडतो आणि ओटीपोटात कळा येतात. कंबर व मांड्या भरून येणे, मळमळ, जुलाब, डोकेदुखी हे त्रासही त्यातूनच उद्भवतात. अन्य कोणताही आजार नसताना होणाऱ्या या वेदनांना 'प्राथमिक' वेदना म्हणतात. त्या बहुधा पाळी सुरू झाल्यापासून पहिले दोन-तीन दिवस राहतात.

एंडोमेट्रिओसिस, गर्भाशयातील गाठी किंवा जंतुसंसर्ग यांमुळे होणाऱ्या वेदना 'दुय्यम' होत. तेथे मूळ आजारावर उपचार करणे अपरिहार्य असते. हा भेद ॲक्युप्रेशरचा विचार करण्यापूर्वीच ध्यानात घ्यावा.

पाळीपूर्वीचा त्रास

काही स्त्रियांना पाळी येण्यापूर्वीच्या आठवड्यात चिडचिड, उदासपणा, रडू येणे, स्तनांत जडपणा, पोट फुगणे, झोप न लागणे अशी लक्षणे जाणवतात आणि पाळी सुरू झाल्यावर ती ओसरतात. बीजकोषातून बीज बाहेर पडल्यानंतर शरीरातील संप्रेरकांच्या पातळीत जे चढउतार होतात, त्यांच्याशी हा त्रास निगडित आहे. तो 'स्वभावदोष' मानणे अन्यायाचे ठरेल. सलग दोन-तीन महिने तारखेनुसार लक्षणांची नोंद ठेवल्यास त्रासाचा पाळीशी असलेला संबंध स्पष्ट होतो. ही नोंद डॉक्टरांनाही निदानासाठी उपयुक्त ठरते.

ॲक्युप्रेशर म्हणजे काय?

शरीरावरील ठराविक बिंदूंवर बोटांनी दाब देण्याची ही पद्धत चिनी वैद्यकातून आली. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी संकलित झालेल्या 'हुआंगदी नेइजिंग' या चिनी ग्रंथात तिचा सैद्धांतिक पाया आढळतो. ॲक्युपंक्चरमध्ये ज्या बिंदूंवर सुया टोचतात, त्याच बिंदूंवर येथे केवळ दाब दिला जातो. या उपचारांशी भारताचा एक धागा महाराष्ट्राच्या परिचयाचा आहे. १९३८ मध्ये चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. त्याच पथकातील डॉ. बिजॉयकुमार बसू यांनी पुढे चीनमध्ये ॲक्युपंक्चरचे शिक्षण घेऊन ते कोलकात्यात रुजवले.

चिनी वैद्यक या उपचाराचे स्पष्टीकरण 'ची' या जीवनशक्तीच्या प्रवाहाद्वारे देते. आधुनिक शरीरशास्त्र वेगळी शक्यता मांडते. मेल्झॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार, स्पर्श व दाबाच्या संवेदना मज्जारज्जूत पोहोचल्या की वेदनेच्या संदेशांची वाट काही अंशी अडवली जाते. ठेच लागल्यावर आपला हात आपोआप ती जागा चोळू लागतो, त्यामागचे कारण हेच. दाबामुळे शरीरातील नैसर्गिक वेदनाशामक द्रव्ये स्रवत असावीत, असेही मानले जाते.

उपयुक्त बिंदू

१. सानयिनज्याओ (एसपी ६): स्त्रियांच्या तक्रारींसाठी सर्वाधिक वापरला जाणारा बिंदू. पायाच्या आतील घोट्याच्या टोकावर आपली चार बोटे आडवी ठेवावीत. त्या बोटांच्या वर, नडगीच्या हाडाच्या मागील कडेला दाबल्यास किंचित दुखरी जागा लागते. तोच हा बिंदू.

२. थायचोंग (एलआर ३): पावलाच्या वरील बाजूस अंगठा व त्याशेजारचे बोट यांच्या बेचक्यातून घोट्याच्या दिशेने बोट सरकवत न्यावे. दोन्ही हाडे एकत्र येतात त्याच्या अलीकडे जो खोलगट भाग लागतो, तेथे दाब द्यावा.

३. हगू (एलआय ४): हाताचा अंगठा तर्जनीला चिकटवला असता हाताच्या मागील बाजूस मांसल उंचवटा वर येतो. त्याच्या मध्यभागी, तर्जनीकडील हाडाच्या रोखाने दाब द्यावा.

४. नेइग्वान (पीसी ६): मनगटाच्या आतील घडीपासून तीन बोटे वर, मधल्या दोन शिरांच्या मध्ये. पाळीत मळमळ होत असल्यास हा बिंदू वापरतात.

कंबर दुखत असल्यास कमरेखालच्या सपाट हाडावर, मणक्याच्या दोन्ही बाजूंना घरातील कोणाकडून तरी तळहाताने सावकाश दाबून घ्यावे. तेथे स्वतःचा हात नीट पोहोचत नाही.

दाब कसा द्यावा?

नखे कापलेली असावीत. आरामात बसून किंवा पडून, अंगठ्याच्या पेराने दाब हळूहळू वाढवत न्यावा. जागा दुखरी लागावी, पण ते दुखणे सोसवेल इतकेच असावे. श्वास रोखला जात असेल तर दाब जास्त होत आहे असे समजावे. प्रत्येक बिंदूवर साधारण एक मिनिट दाब द्यावा, अंगठा लहान वर्तुळात फिरवला तरी चालेल. मग हीच क्रिया दुसऱ्या हातापायावर करावी. जेवणानंतर लगेच हा उपचार करू नये. कळा सुरू होण्याची वाट न पाहता पाळीच्या अपेक्षित तारखेपूर्वी पाच दिवस दररोज दोन वेळा दाब देण्यास प्रारंभ करावा आणि दुखण्याच्या दिवसांत गरजेनुसार तो अधिक वेळा द्यावा.

संशोधन काय सांगते?

बर्लिन येथील शारिटे रुग्णालयातील संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पाळीच्या वेदना असलेल्या १८ ते ३४ वर्षे वयाच्या २२१ स्त्रियांचा समावेश होता. त्यांपैकी एका गटाने मोबाइलवरील सूचनांनुसार वरीलपैकी पहिल्या तीन बिंदूंवर स्वतः दाब दिला. सहा पाळ्यांनंतर या गटातील ५८ टक्के स्त्रियांच्या वेदना निम्म्याने किंवा त्याहून अधिक घटल्या होत्या, तर नेहमीचेच उपाय करणाऱ्या गटात हे प्रमाण २४ टक्के होते. तिसऱ्या पाळीअखेर मात्र हे आकडे ३७ आणि २५ टक्के असे होते. म्हणजेच गुण येण्यास सातत्य लागते. तथापि, आपण कोणता उपचार घेत आहोत हे या स्त्रियांना ठाऊक होते. त्यामुळे मानसिक अपेक्षेचा वाटा किती, हे त्यातून ठरवता येत नाही.

उपलब्ध चाचण्यांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेने २०१६ मध्ये पाळीच्या वेदनांविषयीच्या ४२ चाचण्या तपासल्या. त्यांचा दर्जा कमी असल्याने ॲक्युपंक्चर वा ॲक्युप्रेशरची परिणामकारकता निश्चितपणे सांगता येत नाही, असा निष्कर्ष तिने काढला. पाळीपूर्व त्रासाबाबतच्या २०१८ च्या आढाव्यात लक्षणे कमी होण्याची शक्यता आढळली. परंतु तो अवघ्या पाच चाचण्यांवर आधारलेला होता. सारांश, ॲक्युप्रेशर हा पूरक उपाय आहे, आजार मुळापासून बरा करणारा उपचार नव्हे. प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती रोखणाऱ्या मेफेनॅमिक ॲसिड, आयब्युप्रोफेन यांसारख्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने घेण्यात काहीही गैर नाही. दमा, पोटातील व्रण किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्र त्या परस्पर घेऊ नयेत.

कोणी काळजी घ्यावी?

गर्भवती स्त्रियांनी, तसेच पाळी चुकली असून गर्भधारणेची शक्यता असेल त्यांनी, हे बिंदू दाबू नयेत. सानयिनज्याओ आणि हगू हे बिंदू गरोदरपणात वर्ज्य मानण्याची परंपरा आहे. जखम, सूज, अस्थिभंग किंवा फुगलेल्या निळ्या शिरा असलेल्या जागी दाब देऊ नये. पायात रक्ताची गुठळी झालेली असल्यास किंवा रक्त पातळ करणारी औषधे सुरू असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

पुढीलपैकी काहीही आढळल्यास स्त्रीरोगतज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी.

• वेदना दर महिन्याला वाढत जाणे किंवा पाळी नसतानाही ओटीपोट दुखणे.
• शरीरसंबंधाच्या, लघवीच्या वा शौचाच्या वेळी वेदना होणे.
• दर एक-दोन तासांनी पॅड बदलावे लागणे, मोठ्या गुठळ्या पडणे किंवा रक्तस्राव सात दिवसांहून अधिक चालणे.
• ताप, दुर्गंधीयुक्त स्राव किंवा चक्कर येणे.
• पूर्वी त्रास नसताना पंचविशीनंतर नव्याने तीव्र वेदना सुरू होणे.
• पाळीपूर्वी टोकाचे नैराश्य येणे वा आत्महत्येचे विचार मनात येणे. अशा वेळी मदत तातडीने घ्यावी.

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार, प्रजननक्षम वयातील सुमारे १० टक्के स्त्रियांना एंडोमेट्रिओसिस असतो. 'पाळीत दुखायचेच' या समजुतीपायी त्याचे निदान अनेकदा काही वर्षे लांबते. म्हणूनच दोन-तीन महिने नियमित ॲक्युप्रेशर करूनही उतार पडला नाही, तर आपलेच काही चुकले असे मानून सोसत राहू नये. मुलीने दुखते असे सांगितल्यावर तिला दाबाचा बिंदू जरूर दाखवावा. पण त्यासोबत ते दुखणे किती, कधी आणि कुठे हे शांतपणे विचारावे आणि गरज भासल्यास तिला दवाखान्यात न्यावे.