साथीनंतरची परतीची वाट : रत्नागिरीचे चाकरमानी, १८९७ आणि २०२२

१/ साथ ओसरली आणि जनजीवन पूर्ववत झाले, असे एका वाक्यात सांगून इतिहास पुढे सरकतो. प्रत्यक्षात माणसांत परतण्याचा तो काळ धास्तीने भरलेला असतो. रत्नागिरी जिल्ह्याने तो निदान दोनदा अनुभवला. #थ्रेड

२/ १८८१ च्या जनगणनेनुसार मुंबईतील लाखाहून अधिक रहिवासी रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले होते. आजच्या सिंधुदुर्गाचा काही भागही तेव्हा याच जिल्ह्यात होता. मुंबईच्या गिरण्या आणि गोदी या चाकरमान्यांच्या श्रमावर चालत.

३/ सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. फेब्रुवारी १८९७ पर्यंत जवळजवळ निम्मे शहर रिकामे झाले. कोकणात रेल्वे नव्हती. चाकरमान्यांनी आगबोटी आणि गलबतांतून गाव गाठले.

४/ भीती केवळ रोगाची नव्हती. घरझडती, सक्तीचे विलगीकरण आणि रुग्णालयात नेलेला माणूस परतत नाही ही समजूत, यांचा धसका मोठा होता. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी सुमारे हजार गिरणी कामगार आर्थर रोड रुग्णालयावर चालून गेले.

५/ गावी जीव सुरक्षित वाटे, पण अनेक घरांची चूल मुंबईच्या मनिऑर्डरीवर पेटत असे. त्यात पावसाळ्यात आगबोटी बंद. मृगापूर्वी निघावे की नारळी पौर्णिमेपर्यंत थांबावे, हा निर्णय घेणे भागच होते.

६/ इकडे मजुरांअभावी गिरण्या अडल्या. मालक महिन्याच्या पगाराऐवजी रोजच्या रोज मजुरी देऊ लागले. नाक्यानाक्यांवर मजुरांसाठी बोली लागली. हेतू धंद्याचाच होता. तरी त्यामुळे परतणाऱ्याला एका दिवसापुरताच शब्द द्यावा लागे. उद्याचे उद्या ठरवता येई.

७/ दुसरा आधार गावकऱ्यांच्या सामाईक खोलीचा. एकाच गावची माणसे तिथे भाडे, जेवण आणि बातम्या वाटून घेत. परतणारा अनोळखी गर्दीत एकटा पडत नसे.

८/ प्लेग मात्र संपला नव्हता. पुढच्याच हिवाळ्यात तो पुन्हा आला आणि नंतरही वर्षानुवर्षे येत राहिला. या परतीची किंमत अनेकांनी प्राणांनी चुकवली. म्हणून तिला निव्वळ धैर्याची कथा म्हणता येत नाही. त्यात गरजही तेवढीच होती.

९/ २०२० मध्ये चाकरमानी पुन्हा गावाकडे निघाले. गावोगावच्या शाळा विलगीकरण कक्ष झाल्या. आपलाच माणूस वेशीवर संशयाचा विषय ठरला. एप्रिल २०२२ च्या आरंभी राज्यातील निर्बंध उठले आणि ३१ ऑगस्टला गणपती निर्बंधांविना घरोघरी आले. पण आरतीच्या दाटीत खोकल्याचा आवाज आला की दचकणारे मन आदेशाने शांत होत नाही.

१०/ महासाथीच्या पहिल्या वर्षात जगभर चिंता आणि नैराश्याचे प्रमाण सुमारे २५ टक्क्यांनी वाढले, असे जागतिक आरोग्य संघटनेने नोंदवले. गर्दी सतत टाळत राहिल्याने ही भीती घट्ट होते. लहान टप्प्यांनी आणि विश्वासू सोबतीने ती सैल होते, असे मानसोपचार सांगतो. १८९७ च्या चाकरमान्याला परिस्थितीने नेमके हेच दोन आधार दिले होते : एका दिवसाचा टप्पा आणि गावाची सोबत.

११/ तेव्हा नसलेला तिसरा आधार आज आहे. राज्यातील चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक रत्नागिरीतच आहे, आणि टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे. साथ संपून वर्षे लोटली तरी ज्याचे पाऊल दारातच अडखळते, त्याने तो फिरवण्यात संकोच मानू नये.