तावदान-दुरुस्ती

तावदान-दुरुस्ती : खिडकीच्या झडपेतील काच तडकली, फुटली किंवा सैल झाली म्हणजे ती घरच्या घरी सांधण्याचे, तात्पुरते झाकण्याचे अथवा बदलण्याचे काम. पुढील विवेचन आखाडा बाळापूर (ता. कळमनुरी, जि. हिंगोली) व त्या परिसरातील घरे समोर ठेवून केले आहे. जमीन, ऊन आणि अलीकडचे भूकंपाचे धक्के या तिन्ही गोष्टी येथील तावदानांना बाधतात. त्यामुळे पुण्या-मुंबईच्या इमारतींसाठी सांगितलेले उपाय येथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

या भागात काचेची खिडकी फार जुनी नाही. माळवदाच्या घरात उजेड छतातल्या सान्यातून येई आणि भिंतीतल्या लहान खिडकीला लाकडी झडपा व गज असत. सिमेंटची घरे, शाळा आणि कचेऱ्या उभ्या राहिल्या तशी लोखंडी अँगलची तावदाने आली आणि त्यांच्यामागून ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या. महाराष्ट्रात काच-उद्योग मात्र त्याआधीच रुजला होता. तळेगाव दाभाड्याचा पैसा फंड काच कारखाना १९०८ मधला आणि कऱ्हाडजवळचा ओगलेवाडीचा कारखाना १९१६ मधला. ओगल्यांचे नाव घरोघरी पोहोचले ते प्रभाकर कंदिलामुळे. आजची सपाट खिडकी-काच वितळलेल्या कथिलावर तरंगवून तयार करतात. ही पद्धत इंग्लंडच्या पिल्किंग्टन कंपनीने १९५९ मध्ये जाहीर केली. रायगड जिल्ह्यात तळोजे येथे अशा काचेचा कारखाना आहे.

काच तडकण्याची कारणे : दगड किंवा चेंडू लागला तर कारण शोधावे लागत नाही. तड एका बिंदूपासून चांदणीसारखी फाकते. कोणी काही मारलेले नसताना काच तडकते तेव्हा मात्र तिच्याकडे नीट पाहावे लागते, कारण अशा वेळी दोष बहुधा काचेत नसून चौकटीत असतो.

पहिले कारण जमीन. दख्खनच्या बेसाल्टपासून झालेली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. पाया उथळ असला की भिंत दरवर्षी थोडी वर-खाली होते. भिंतीबरोबर चौकट तिरपी होते आणि काटकोनाच्या जागी किंचित कललेला चौकोन उरतो. लाकूड वाकते, लोखंडही थोडे वाकते, पण काच वाकायला तयार नसते. अशी तड कोपऱ्यातून निघून आडवी-तिरपी जाते. चौकटीच्या दोन्ही कर्णांना सुतळी लावून मापे घ्यावीत. फरक तीन-चार मिलिमीटरपेक्षा जास्त निघाला, तर चौकट सोडवून सरळ केल्याशिवाय नवी काच बसवू नये. जे दार पावसाळ्यातच घट्ट होते त्याच्या शेजारच्या खिडकीवर आधी संशय घ्यावा, असा अनुभवी सुतारांचा दंडक आहे आणि तो बहुतेक वेळा खरा ठरतो.

दुसरे कारण गंज. लोखंड गंजले की गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या कितीतरी पट होते. लांबीचे (काच खाचेत पक्की करणाऱ्या लेपाचे) भेग पडलेले जुने थर पाणी आत सोडतात. अँगलच्या खाचेत गंजाचे पापुद्रे धरतात आणि काचेच्या कडेला दाबत राहतात. जुन्या सरकारी शाळांच्या खिडक्यांत खालच्या कोपऱ्यांतच तडा दिसतात त्या यामुळे. मुलांवर त्याचा आळ येतो तो बऱ्याचदा उगाच.

तिसरे कारण ऊन. मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२ अंशांपलीकडे जातो. तावदानाचा मधला भाग तापतो आणि चौकटीत दडलेली कड त्या मानाने थंड राहते. साधी काच या दोन भागांतील सुमारे ४० अंशांचा फरक सोसते, कड ओबडधोबड कापलेली असेल तर त्याहून कमी. ऊन अडवण्यासाठी साध्या काचेवर काळी फिल्म चिकटवली की काच स्वतःच जास्त उष्णता शोषते. उन्हाने पडलेली तड कडेला काटकोनात सुरू होते आणि पुढे वाकडीतिकडी जाते.

भूकंपाचे धक्के : २१ मार्च २०२४ रोजी सकाळी ६ वाजून ८ मिनिटांनी हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा धक्का बसला आणि सुमारे ११ मिनिटांनी ३.६ तीव्रतेचा दुसरा. पहिल्याचे केंद्र आखाडा बाळापूरजवळ जांब गावाच्या परिसरात होते. त्याच वर्षी १० जुलैला सकाळी सव्वासातच्या सुमारास पुन्हा ४.५ चा धक्का बसला. त्याचे केंद्र कळमनुरी तालुक्यातील रामेश्वर तांडा. मार्चच्या धक्क्यानंतर पत्र्यांवर दाबणासाठी ठेवलेले दगड काढून टाकण्याचे आवाहन प्रशासनाने केले होते. ते योग्यच होते, कारण माणसाला आधी छतावरचे दगड मारतात. काचेचा विचार त्यानंतरचा, पण करायला हवा. भूकंपाची जाणवणारी तीव्रता मोजणाऱ्या मर्कॅली श्रेणीत तावदाने खडखडणे ही चौथ्या पायरीची खूण आहे आणि काही तावदाने फुटणे ही पाचव्या पायरीची. धक्क्यानंतर प्रत्येक तावदान बोटाने हलकेच ठोकून पाहावे. जे खडखडते त्याची लांबी सुटली आहे असे समजावे. ज्या खिडकीखाली कोणी झोपते तिच्यापासून सुरुवात करावी.

तड थोपवणे : काचेवर प्रयोग करून ए. ए. ग्रिफिथ या ब्रिटिश अभियंत्याने १९२१ मध्ये दाखवले, की काचेची ताकद तिच्यातील सूक्ष्म तडांवर अवलंबून असते. तडीच्या टोकाशी ताण एकवटतो आणि ठरावीक लांबीनंतर ती आपोआप पुढे सरकते. ओलाव्याने हे सरकणे वाढते. मे महिन्यात वीतभर असलेली तड गणपतीपर्यंत पलीकडच्या कडेला टेकते, याचे एक कारण हे. म्हणून तड दिसताच ती कोरडी आहे तोवर भरून टाकावी.

बारीक, एका टोकाशी थांबलेल्या तडीत पातळ सायनोॲक्रिलेट गोंद (फेविक्विकच्या जातीचा) आपोआप ओढला जातो. पण ऊन-पाण्यात तो फार टिकत नाही. दोन भाग मिसळून करायचा पारदर्शक इपॉक्सी गोंद (अराल्डाइटचा पारदर्शक प्रकार) अधिक टिकतो, मात्र उन्हाने पिवळा पडतो. काचेचा वक्रीभवनांक सुमारे १.५२ असतो. गोंदाचा अंक त्याच्या जवळचा असेल तर भरलेली तड जवळजवळ दिसेनाशी होते. मोटारीच्या समोरच्या काचेवर हा उपाय विशेष चालतो, कारण ती दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा थर घालून केलेली असते. घरच्या एकेरी तावदानात गोंद तड झाकतो, पण काचेला पूर्वीचे बळ देत नाही. नखांचा रंगहीन पॉलिश, दोन्ही बाजूंनी पारदर्शक चिकटपट्टी हे उपाय त्याहून दुबळे आहेत. त्यांचा उपयोग काच बदलेपर्यंत तुकडे जागेवर धरण्यापुरता. कडेपासून कडेपर्यंत गेलेली तड, एकमेकांना छेदणाऱ्या तडा किंवा डोक्याच्या उंचीवरील फुटलेले तावदान चिकटवत बसू नये.

भोक पडले असेल आणि बाहेर पाऊस असेल, तर रासायनिक खताच्या गोणीचा धुतलेला तुकडा किंवा जाड प्लॅस्टिक बाहेरच्या बाजूने लावावे. वरची पट्टी आधी चिकटवून खालची नंतर लावणे ही नेहमीची चूक. खालून वर चढत जावे, म्हणजे वरची पट्टी खालचीवर येते आणि पाणी सांध्यात न शिरता ओघळून जाते. आतून कॅलेंडरचा पुठ्ठा लावला तर वाऱ्याने प्लॅस्टिक फडफडत नाही.

काच बदलणे : हे काम वाटते तितके अवघड नाही. बाजारपेठेच्या गावात काच कापून देणारा असतो आणि लहान गावांत हे काम फोटो-फ्रेम करणाऱ्याच्या दुकानात होते. खाचेचे माप वर, मध्ये आणि खाली असे तीन ठिकाणी घ्यावे. सर्वांत कमी आकडा धरून त्यातून तीन मिलिमीटर वजा करावे. घट्ट बसलेली काच पहिल्याच उन्हाळ्यात तडकते. बऱ्याच दुकानांत मोजणी तीन किंवा सहा इंचांच्या पटीत वर धरून पैसे लावतात, म्हणून बिलातले माप कापलेल्या मापापेक्षा मोठे दिसते. त्यावरून वाद घालण्यात अर्थ नाही, उरलेली पट्टी मागून घ्यावी. दोन फुटांपर्यंतच्या तावदानाला चार मिलिमीटर जाडी पुरते. अशी एक चौरस फूट काच सुमारे ९३० ग्रॅम भरते.

फुटलेली काच काढताना जाड हातमोजे, चपलेऐवजी बूट आणि डोळ्यांवर चष्मा हवा. काचेवर आधी चिकटपट्टीची फुली मारून तुकडे वरून खाली काढावेत. खालचा तुकडा आधी ओढला तर वरचा मनगटावर येतो. जुनी लांबी पटाशीने खरवडावी. ती दगडासारखी झाली असेल तर गरम इस्त्रीचे टोक टेकवून मऊ करावी. लोखंडी खाच तारेच्या ब्रशने घासून तिला रेड ऑक्साइड लावावा. लाकडी खाचेला कच्च्या जवसतेलाचा हात द्यावा, नाहीतर कोरडे लाकूड लांबीतले तेल पिऊन टाकते आणि लांबी भुसभुशीत होते.

लांबी घरी करता येते. चाळलेली खडूची पूड पाच-सहा भाग आणि कच्चे जवसतेल एक भाग (वजनाने) घेऊन कणकेसारखी मळावी, रात्रभर झाकून ठेवावी, सकाळी पुन्हा मळावी. हाताला चिकटली तर पूड, चिरली तर तेल. जवस या भागाच्या ओळखीचे पीक आहे, पण चटणीसाठी आणलेले भाजके जवस येथे कामाचे नाही, कच्चे तेलच हवे. खिडक्यांच्या लांबीसाठी भारतीय मानक आयएस ४१९ आहे. तयार डबा घेतल्यास त्यावर तो क्रमांक पाहावा. जवसतेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकू नये. हवेशी संयोग होताना तेल तापते आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. चिंध्या पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून ठेवाव्यात.

खाचेत लांबीचा दोन-तीन मिलिमीटरचा थर देऊन काच त्यावर कडेने दाबत बसवावी, मध्यभागी कधीही दाबू नये. लाकडी चौकटीत सहा-आठ इंचांवर बारीक चुका काचेला समांतर ठोकाव्यात. हातोडी काचेवरून घासत न्यावी, उचलून मारू नये. वरून लांबीचा तिरका उतार द्यावा, म्हणजे पाणी थांबत नाही. आठ-पंधरा दिवसांनी साय धरली की तेलरंग द्यावा आणि तो काचेवर दोन मिलिमीटर आत येऊ द्यावा. या रंगाच्या कडेमुळेच सांधा बंद होतो. सफाईच्या हौसेने ती ब्लेडने खरवडणारे पुढच्या पावसात पश्चात्ताप करतात.

लांबीऐवजी पांढरे सिमेंट किंवा भिंतीची पुट्टी लिंपणे सर्रास आढळते. दोन्ही कडक होतात, चौकट हलली की सुटतात आणि ओल्या सिमेंटचा अल्कधर्म काचेवर कायमचे डाग पाडतो. सिलिकॉन चांगले, मात्र व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन लोखंडाला गंज आणते. धातूच्या चौकटीसाठी ‘न्यूट्रल’ प्रकार मागावा. सरकत्या ॲल्युमिनियम खिडकीत लांबीचा संबंधच येत नाही. झडप उचलून काढायची, बाजूचे स्क्रू सोडायचे आणि काचेभोवतीच्या रबरासह नवी काच बसवायची. रबर कडक झाले असेल तर तेही बदलावे.

मैदानाकडे उघडणाऱ्या शाळेच्या खिडक्यांना ॲक्रिलिकचा पत्रा हा पर्याय आहे. त्याचे वजन काचेच्या निम्मे असते, पण तो उष्णतेने काचेच्या सात-आठ पट प्रसरण पावतो. त्यामुळे खाचेत जास्त जागा सोडावी लागते आणि धुळीच्या फडक्याने पुसला की त्यावर ओरखडे येतात. टफन्ड काच कोणत्याही घरगुती उपायाने सांधता किंवा कापता येत नाही. ती एका ठिकाणी दुखावली तरी तिचा सबंध चुरा होतो, म्हणून ती कारखान्यातून मापाची करूनच आणावी लागते.

फुटलेल्या काचेची विल्हेवाट : मोठे तुकडे जाड कागदात गुंडाळून, पेटीत घालून, वर ‘काच’ असे लिहून भंगारवाल्याला द्यावेत. फरशीवरचा बारीक चुरा ओल्या कणकेच्या गोळ्याने टिपता येतो. हा गोळा मात्र उकिरड्यावर फेकू नये, कारण काचेसकट ती कणीक गुरे खातात. तो पिशवीत बांधून त्याच पेटीत घालावा.