सोडून देण्याचा शिरस्ता

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात ऑकमल्गी नदीने पात्र बदलताना मागे टाकलेल्या एका वळणात, माँटगोमेरी तळे या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पाण्यात, २ जून १९३२ रोजी जॉर्ज पेरी नावाच्या जेमतेम विशीतल्या शेतकऱ्याने जो बास मासा गळाला लावून बाहेर काढला, त्याचे वजन २२ पौंड ४ औंस, म्हणजे दहा किलोंहून किंचित अधिक भरले. पावसामुळे शेतात नांगर घालता येईना, म्हणून तो व त्याचा सोबती मासे गरवावयास निघाले होते, आणि दोघांत मिळून एकच खोटे आमिष होते, असे सांगतात. हेलेना गावात तराजूवर वजन झाले, लांबी व घेर मोजला गेला, हा सर्व तपशील एका शिकारविषयक मासिकाच्या स्पर्धेकडे रवाना झाला, आणि पेरीला ७५ डॉलर किमतीचे सामान इनाम मिळाले. मासा मात्र त्यापूर्वीच घरी जाऊन चुलीवर चढला होता. कुटुंबाने तो दोन जेवणांत संपविला. महामंदीच्या त्या वर्षात खेड्यातल्या कोणाही शहाण्या माणसाने याहून वेगळे काही केले नसते, आणि मोठा मासा पकडून परत पाण्यात सोडणाऱ्याला गावाने बहुधा वेड्यात काढले असते.

त्यानंतर पुरत्या चाळीस वर्षांनी त्याच देशात तोच मासा जिवंत परत सोडणे हे सभ्यतेचे लक्षण ठरले. या पालटाचे श्रेय दयाबुद्धीला द्यावे, असे मन फार म्हणते. परंतु दप्तर उलगडून पाहिले, तर त्यात दयेपेक्षा स्पर्धा, व्यापार आणि चारचौघांत वाटणारी लाज यांच्याच नोंदी अधिक आढळतात.

ज्याला तिकडे लार्जमाउथ बास म्हणतात, त्या माशाच्या जबड्याची कड डोळ्याच्याही मागे जाते, आणि तेच त्याच्या नावाचे मूळ. १८०२ मध्ये फ्रेंच पंडित लासेपेद याने या माशांच्या गणाला ‘मायक्रोप्टेरस’, म्हणजे लहान पराचा, हे नाव दिले, त्याचे कारण मोठे गमतीचे आहे: पॅरिसला पोहोचलेल्या, याच गणातील दुसऱ्या जातीच्या नमुन्याचा पाठीवरचा पर फाटलेला होता, आणि त्या फाटक्या तुकड्यालाच त्याने स्वतंत्र चिमुकला पर समजून घेतले. एका जखमेवरून पडलेले हे नाव शास्त्राने आजतागायत सांभाळले आहे. ज्या मुलुखात खानदानी शौकिनांचा ओढा ट्राउट आणि सामन यांच्याकडे होता, तेथे बासला मानाचे पान मिळवून देण्याचा आटापिटा डॉक्टर जेम्स हेन्शल यांनी १८८१ मध्ये एक जाडजूड ग्रंथ लिहून केला. पण पांडित्याने जे साधले नाही, ते पुढे धरणांनी साधले. १९३३ नंतर टेनेसीच्या खोऱ्यात व पुढे सर्व दक्षिणेत नद्या अडवून जे अफाट जलाशय निर्माण झाले, त्यांच्या बुडालेल्या झाडोऱ्यात हा दबा धरून बसणारा मासा असा काही माजला, की महायुद्धानंतर मोटारगाडी आणि इंजिनाची होडी परवडू लागलेल्या मध्यमवर्गाचा तो जणू कुलदेवच झाला.

या वर्गाची नाडी अचूक ओळखली ती माँटगोमेरी, अलाबामा येथील रे स्कॉट नावाच्या एका विमाविक्रेत्याने. १९६७ मध्ये त्याने आर्कान्सातील बीव्हर तलावावर पहिली मोठी बास-स्पर्धा भरविली. शंभर डॉलर प्रवेशशुल्क भरून १०६ स्पर्धक आले, आणि त्यातूनच ‘बास’ याच नावाने ओळखली जाणारी त्याची संघटना उभी राहिली. १९७१ च्या अंतिम स्पर्धेसाठी त्याने निवडक चोवीस जणांना विमानात बसविले आणि आपण कोणत्या तलावाकडे निघालो आहोत, हे विमान आकाशात गेल्यावरच सांगितले. ते ठिकाण नेव्हाडातील लेक मीड होते. असला माणूस धर्मोपदेशक कमी आणि जत्रेचा कंत्राटदार अधिक, हे उघड आहे. परंतु जत्रेचा कंत्राटदारच गर्दीच्या मनातली कुजबुज सर्वांआधी ऐकतो. स्पर्धेच्या शेवटी दोरीत ओवलेल्या मेलेल्या माशांच्या माळा वजनकाट्यापाशी लोंबत, त्या पाहून आसपासचे लोक आता नाके मुरडू लागले होते, आणि तलाव उपसून रिकामे करणारी टोळी म्हणून स्पर्धकांकडे बोट दाखवू लागले होते. अशातच कोलोरॅडोत पिसांची माशी वापरून ट्राउट गरवणाऱ्या मंडळींच्या मेळाव्यात एकाने लहानसा ट्राउट परत पाण्यात सोडला, तेव्हा साऱ्यांनी हर्षनाद केल्याचे स्कॉटने पाहिले. वीतभर माशासाठी एवढा आनंद होत असेल, तर पाच पौंडांच्या बाससाठी किती होईल, हा हिशेब त्याने तिथल्या तिथे मांडला.

१९७२ पासून त्याच्या स्पर्धांत मासा जिवंत आणण्याचा दंडक सुरू झाला. मासा जिवंत वजनकाट्यावर आला, तर औंसभर वजन बक्षिसादाखल वाढवून मिळे. पुढे मेलेल्या माशाबद्दल वजन कापलेही जाऊ लागले. औंस ही क्षुल्लक गोष्ट; पण ज्या खेळात औंसाऔंसावर हजारो डॉलरांचा निकाल लागतो, तेथे त्या एका औंसाने जे करून दाखविले, ते शंभर व्याख्यानांना जमले नसते. होड्या बांधणाऱ्यांनी मग हवा खेळविणाऱ्या पंपासह टाक्या होडीतच बसविल्या, आणि थोड्याच वर्षांत दोरीची माळ अडगळीत गेली.

आता या सोडण्यातली कारागिरी जरा जवळून पाहू, कारण रिवाज बोलण्यात सोपा आणि हातात अवघड असतो. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर हे त्याचे चिलखत. कोरड्या हाताने किंवा खरखरीत जाळ्याने तो पुसला गेला, की त्या जागी बुरशी धरते. म्हणून हात आधी ओले करावयाचे. लहान बासला खालच्या ओठात अंगठा घालून उभा उचलला तरी चालते, परंतु आठदहा पौंडांची मादी तशी लटकविली, तर तिच्याच वजनाने जबड्याची शीर तुटते, आणि झडप घालून गिळणाऱ्या माशाचा जबडा निकामी होणे म्हणजे त्याची उपासमारच. म्हणून दुसरा हात पोटाखाली, शेपटीच्या बाजूस, असलाच पाहिजे. खोल पाण्यातून भरभर वर ओढलेल्या माशाची हवेची पिशवी फुगते व तो पृष्ठभागावर कुशीवर तरंगत राहतो, त्या वेळी जाणता माणूस पोकळ सुई नेमक्या जागी टोचून ती हवा काढतो. नेणत्याने या भानगडीत न पडलेले बरे. उन्हाळ्यात तापलेल्या पाण्यात प्राणवायू मुळातच कमी, त्यामुळे डौलाने शेपटी हलवून गेलेला मासा दोनचार दिवसांनी कोठे तरी मरून तरंगतो, आणि सोडणारा मात्र आपल्या औदार्याच्या आठवणीवर खूश असतो. आपल्याकडे महाडजवळ काळ नदीच्या वाळणकोंडीत वरदायिनी देवीचे म्हणून राखलेले मासे आहेत. तेथे गळच पडत नाही, त्यामुळे सोडण्याचा प्रश्नही उद्भवत नाही. आधी पकडावे आणि मग सोडावे, ही हौस वेगळी, आणि तिच्यामागचे मनही वेगळे.

टेक्सास सरकारने या हौसेला सरकारी मोहर लावली. १९८६ साली लेक फोर्कमध्ये १७.६७ पौंडांची एक मादी सापडली, तिला एथेल असे नाव ठेवून प्रजननासाठी राखण्यात आले, आणि १३ पौंड वा त्याहून मोठा बास पकडणाऱ्याने तो काही काळ सरकारी मत्स्यबीज केंद्राच्या हवाली करावा, अशी योजना रूढ झाली; मासा अंडी देऊन पुन्हा आपल्या तलावात जाई, आणि पकडणाऱ्याच्या भिंतीसाठी त्याच मापाची कृत्रिम प्रतिकृती मिळे. भुसा भरलेल्या माशाची जागा फायबरच्या माशाने घेतली, हा या रिवाजाचा लहानसा पण फार बोलका पुरावा आहे. एथेल १९९४ मध्ये मिसूरीतील एका मत्स्यालयात मेली, तेव्हा तिच्यासाठी श्रद्धांजलीची सभाही भरली.

याहून विलक्षण हकीकत कॅलिफोर्नियातील एस्कोंडिडो गावच्या लहानशा डिक्सन तलावातील. तेथील एका मादीच्या कल्ल्याखाली काळा ठिपका होता, त्यावरून तिला डॉटी म्हणत. २००३ मध्ये ती २१ पौंड ११ औंस भरली आणि सोडली गेली. २० मार्च २००६ रोजी ती पुन्हा सापडली, तेव्हा काट्याने २५ पौंड १ औंस दाखविले. सर्वांत वजनदार बासचा पेरीच्या नावावरचा चौऱ्याहत्तर वर्षांचा जागतिक विक्रम तराजूवर अक्षरशः मोडलेला होता. परंतु गळ तोंडात नव्हे, अंगात बाहेरून रुतला होता. ज्या तरुणाच्या हातात ती होती, त्याने आणि त्याच्या मित्रांनी चित्र घेतले, तिला पाण्यात सोडले, आणि विक्रमाचा दावाच दाखल केला नाही. दोन वर्षांनी ती तलावात मेलेली आढळली. ठिपका तोच, वजन १९ पौंड.

पण या माशाचा दुसराही एक मुलूख आहे, आणि तेथे सारा न्याय उलटा. १९२५ मध्ये अकाबोशी तेत्सुमा नावाच्या उद्योगपतीने कॅलिफोर्नियातून बास आणून जपानच्या आशी सरोवरात सोडले. पुढे ते देशभर पसरले आणि बिवा या प्राचीन सरोवरातील खास तिथल्याच माशांवर ताव मारू लागले. ब्लूगिल नावाचा दुसरा अमेरिकन मासाही तेथे मातला. तो १९६० मध्ये शिकागोच्या महापौरांनी युवराज अकिहितो यांना दिलेल्या नजराण्याचा वंश. अकिहितो स्वतः मत्स्यशास्त्राचे अभ्यासक, आणि २००७ मध्ये, सम्राटपदी असताना, त्यांनी याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. शिगा प्रांताने २००३ पासून बिवामध्ये पकडलेला बास वा ब्लूगिल परत सोडण्यास मनाई केली. सोडणे हाच ज्यांचा धर्म झाला होता, त्यांनी न्यायालयात दाद मागितली. २००५ मध्ये ती फेटाळली गेली.

त्याच बिवामध्ये २ जुलै २००९ रोजी कुरिता मानाबू या तरुणाने जो बास काढला, तो पेरीच्या माशाहून औंसभर जड भरला. पण विक्रम मोडण्यास दोन औंसांचे अंतर लागते, हा अशा विक्रमांची नोंद ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा नियम, म्हणून दोघांची नावे बरोबरीने नोंदली गेली. त्याच्या गळाला आमिष होते ते जिवंत ब्लूगिलचे. पेरीचा मासा ताटात गेला, कुरिताचाही पाण्यात परतला नाही. आणि सरोवराच्या काठाकाठाने पकडलेले बास आणून टाकण्यासाठी सरकारने पेट्या ठेवल्या आहेत.